इंग्रजी प्रबंधात मागच्या प्रकरणांचा उल्लेख कसा करावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर समाजशास्त्रात पीएचडी चालू आहे, प्रबंध इंग्रजीत आहे आणि सहाही प्रकरणांचा कच्चा खर्डा तयार आहे. गाइडनी पाचवं प्रकरण परत दिलं तेव्हा समासात जागोजागी 'कुठे?' एवढंच लिहिलेलं होतं. 'ॲज डिस्कस्ड अबाव्ह' आणि 'ॲज मेन्शन्ड अर्लिअर' इतक्या वेळा आलं आहे की आता दुसरं काय लिहावं ते सुचत नाही. काळ कोणता वापरायचा आणि 'चॅप्टर'चा सी कॅपिटल की स्मॉल, हेही विचारलं आहे. नमुन्यादाखल एक वाक्य दिलं आहे: 'ॲज इट इज डिस्कस्ड अबाउट द उचल सिस्टिम इन द अबाव्ह चॅप्टर, द सेम इज सीन हिअर ऑल्सो.' (उचल म्हणजे ऊसतोडीच्या हंगामासाठी घेतलेली आगाऊ रक्कम.)

मी 22 वर्षं इंग्रजी प्रबंधांचं भाषासंपादन करतो आहे. त्यातले बहुतेक प्रबंध मराठी माध्यमातून शिकून आलेल्या संशोधकांचे असतात. तुमच्या या वाक्यासारखं वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रबंधात सापडतं. त्यात व्याकरणाच्या चार चुका आहेत, त्या पाच मिनिटांत दुरुस्त होतील. पण त्या दुरुस्त केल्या तरी गाइडचा 'कुठे?' पुसला जाणार नाही, कारण वाक्यात एक पाचवी अडचण आहे आणि तीच खरी आहे.

आधी चार चुका पाहू. पहिली, 'इट'. 'ॲज डिस्कस्ड' चालतं, 'ॲज वॉज डिस्कस्ड' चालतं, 'ॲज आय डिस्कस्ड' तर चालतंच. 'ॲज इट इज डिस्कस्ड' मात्र चालत नाही, कारण इथे 'ॲज' स्वतःच कर्त्याची जागा घेऊन बसलेला असतो आणि 'इट'ला जागाच उरत नाही. दुसरी, 'अबाउट'. मराठीत आपण उचलीबद्दल चर्चा करतो, म्हणून हात आपोआप 'डिस्कस अबाउट' लिहितो. इंग्रजीत 'डिस्कस'ला थेट कर्म लागतं. नाम वापरलंत तर 'अ डिस्कशन अबाउट' किंवा 'ऑफ' येईल, क्रियापदापुढे नाही.

तिसरी, 'द अबाव्ह चॅप्टर'. 'अबाव्ह' म्हणजे याच मजकुरात थोडं वर. परिच्छेद वर असू शकतो, तक्ता वर असू शकतो. 80 पानं मागे असलेलं प्रकरण 'वर' नसतं. चौथी, 'द सेम'. ही शासकीय पत्रव्यवहाराची सवय आहे. 'सदर', 'उपरोक्त', 'तत्संबंधी' वाचत मोठे झालेले आपण इंग्रजीतही 'द सेम', 'द सेड', 'द अबाव्हसेड' लिहितो. 'काइंडली अक्नॉलेज द सेम' हे कार्यालयातल्या पत्रात खपून जातं. प्रबंधात 'द सेम' म्हटलं की वाचक विचारतो, कशासारखं?

आणि इथेच पाचवी अडचण सुरू होते. उचलीबद्दल मागे नक्की काय दिसलं होतं? इथे काय दिसतं आहे? वाक्य संपूर्ण वाचूनही दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. वाक्य फक्त एवढंच सांगतं की मागे काहीतरी होतं आणि इथेही ते आहे. गाइड 'कुठे?' विचारत आहेत ते बरोबर आहे, पण मी त्यांच्या जागी असतो तर 'काय?' असं लिहिलं असतं. 'अबाव्ह'च्या जागी 'इन चॅप्टर 3' घालून 'कुठे?'चं उत्तर देता येतं. 'काय?'चं उत्तर द्यायचं तर वाक्य नव्यानं लिहावं लागतं:

'चॅप्टर 3 शोड दॅट ॲन अनपेड उचल इज कॅरीड ओव्हर टू द नेक्स्ट सीझन. द फॅमिलीज इंटरव्ह्यूड हिअर डिस्क्राइब व्हॉट दॅट मीन्स फॉर देअर चिल्ड्रन्स स्कूलिंग.'

आता पहिल्या वाक्यात मागचा निष्कर्ष आहे: फिटली नाही तर उचल पुढच्या हंगामात ओढली जाते. दुसऱ्या वाक्यात या प्रकरणाचं नवं पाऊल आहे: त्याचा मुलांच्या शाळेवर होणारा परिणाम. तिसरं प्रकरण न उघडताही वाचक पुढे जाऊ शकतो. पडताळून पाहायचं असेल तर क्रमांक दिलेला आहेच.

मला या विषयात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. मागचा उल्लेख करताना मागचा विषय सांगून भागत नाही, मागचा निष्कर्ष सांगावा लागतो. 'चॅप्टर 3 डिस्कस्ड द उचल सिस्टिम' हा विषय झाला, तो तर अनुक्रमणिकेतही आहे. 'चॅप्टर 3 शोड दॅट...' असं लिहायला घेतलंत की 'दॅट'पुढे काहीतरी ठोस लिहावंच लागतं. खर्डा तपासताना मी संशोधकांना एक साधी गोष्ट करायला लावतो. मागच्या प्रकरणाचा उल्लेख असलेल्या प्रत्येक वाक्यात 'दॅट' आहे का ते पाहा. नसेल तर घालून पाहा. 'दॅट'पुढे काय लिहायचं ते सुचत नसेल, तर बहुतेक वेळा तो उल्लेख अनावश्यक असतो किंवा मागच्या प्रकरणात निष्कर्षच नसतो. दुसरी शक्यता निघाली तर वाईट वाटून घेऊ नका. व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आधी कळलं हे चांगलंच आहे.

हे एवढं का ताणून धरायचं? कारण प्रबंध कोणी एका बैठकीत वाचत नाही. रेफरीकडे, म्हणजे प्रबंध तपासणाऱ्या परीक्षकांकडे, तुमचा अडीचशे-तीनशे पानांचा प्रबंध जातो तेव्हा त्यांचे तास, परीक्षा, बैठका सगळं चालू असतं. अनेक जण आधी प्रस्तावना, मग शेवटचं प्रकरण, मग संदर्भसूची चाळतात आणि मधली प्रकरणं सवडीनं घेतात. तिसऱ्या आणि पाचव्या प्रकरणाच्या वाचनात दोन-तीन आठवडे सहज जातात. तुम्ही तिसरं प्रकरण वर्षभर जगला आहात, त्यांना ते पुसटसं आठवत असतं.

पदवी मिळाल्यानंतरही प्रबंध वाचला जातो आणि तेव्हा तर तुकड्यातुकड्यांनीच. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेनं चालवलेल्या शोधगंगा या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांचे प्रबंध असतात, ते तुम्ही स्वतः वापरलेच असतील. तिथे प्रबंध सहसा एकसंध फाइल म्हणून नसतो. शीर्षकपान, प्रमाणपत्र, प्रत्येक प्रकरण, संदर्भसूची अशा सुट्या पीडीएफ असतात. उद्या बीडमधली एखादी एमएची विद्यार्थिनी तुमच्या प्रबंधातलं फक्त पाचवं प्रकरण उतरवून घेईल. तिच्या हातातल्या फाइलमध्ये 'ॲज डिस्कस्ड अबाव्ह' म्हणजे हवेत बोट दाखवल्यासारखं होतं. 'चॅप्टर 3 शोड दॅट' लिहिलंत, तर तिला निष्कर्ष मिळतो आणि दुसरी कोणती फाइल उघडायची तेही कळतं.

याच कारणासाठी तुमच्या संज्ञांची प्रत्येक प्रकरणात एकदा ओझरती आठवण द्या. 'उचल' पहिल्यांदा येते तिथे सविस्तर व्याख्या, आणि पुढच्या प्रत्येक प्रकरणात पहिल्या उल्लेखाला 'उचल, द सीझनल ॲडव्हान्स' एवढे तीन शब्द. 'कोयता'च्या बाबतीत तर हे टाळूच नका. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपल्याकडे गावोगाव माहीत आहे. पण बाहेरच्या राज्यातल्या रेफरीनं पाचव्या प्रकरणात 'फोर्टीन कोयताज' वाचलं, तर त्यांच्या डोळ्यांसमोर चौदा हत्यारं येतील. 28 माणसं येणार नाहीत.

संशोधकांना कधी कधी वाटतं की हा मागे-पुढे निर्देश करण्याचा प्रकार सगळा पाश्चात्त्य आहे. तसं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या शेवटच्या, पंधराव्या अधिकरणात शास्त्रग्रंथ रचण्याच्या 32 तंत्रयुक्ती दिल्या आहेत. त्यात 'अतिक्रान्तावेक्षण' आणि 'अनागतावेक्षण' अशा दोन आहेत: मागे सांगून झालेल्याकडे पाहणं आणि पुढे यायच्या गोष्टीकडे पाहणं. प्रत्येक युक्तीला त्याच ग्रंथातलं वाक्य उदाहरण म्हणून दिलं आहे. मागे पाहण्याचं उदाहरण अगदी छोटं आहे, अमात्याचे गुण आधी सांगितले आहेत, एवढंच. तिथे नुसता विषय सांगून भागत होतं, कारण शिकणाऱ्याला ग्रंथ पाठ असायचा आणि विषयाचं नाव काढलं की मजकूर जिभेवर यायचा. तुमच्या रेफरींना तुमचा प्रबंध पाठ नाही.

आता क्रियापद. 'डिस्कस' हे सगळ्यांत सोयीचं आणि म्हणून सगळ्यांत दुबळं क्रियापद आहे. मागच्या प्रकरणानं नक्की काय केलं ते सांगणारं क्रियापद निवडा. पुरावा मांडला असेल तर 'शोड'. युक्तिवाद केला असेल तर 'आर्ग्यूड'. ओळख करून दिली असेल तर 'इंट्रोड्यूस्ड'. दोन गोष्टींत फरक केला असेल तर 'डिस्टिंग्विश्ड'. जाता जाता सांगितलं असेल तर 'नोटेड'. शक्यता वर्तवली असेल तर 'सजेस्टेड'.

यात एक नैतिक बाजू आहे आणि तिच्याबद्दल मी आग्रही आहे. तिसऱ्या प्रकरणात तुम्ही लिहिता, 'द इंटरव्ह्यूज सजेस्ट दॅट...' म्हणजे मुलाखतींवरून असं वाटतं. चौथ्यात तेच 'ॲज चॅप्टर 3 शोड' होतं. पाचव्यात 'ॲज एस्टॅब्लिश्ड इन चॅप्टर 3'. समारोपात 'धिस थीसिस हॅज प्रूव्हन दॅट'. पुरावा तेवढाच राहिला, मध्ये एकही नवी मुलाखत घेतली नाही, आणि निष्कर्ष मात्र प्रत्येक प्रकरणात एक पायरी वर चढला. हे कोणी फसवायला म्हणून करत नाही. तेच वाक्य पुन्हा नको म्हणून शब्द बदलला जातो आणि शब्दासोबत दावाही बदलतो. चांगला रेफरी हे पकडतोच, कारण तो 'चॅप्टर 3' वाचून खरोखर मागे जातो आणि तिथे त्याला 'सजेस्ट' सापडतं. उल्लेख करण्याआधी मागचं मूळ वाक्य उघडून पाहा आणि तिथे जेवढी खात्री आहे तेवढीच इथे आणा.

काळाबद्दल लोक फार घाबरतात. खरं तर तीन पर्याय चालतात आणि तिन्हींचा सूर वेगळा आहे. साधा वर्तमानकाळ, 'चॅप्टर 3 शोज': प्रबंध समोर आहे, प्रकरण जागेवर आहे, ते आजही हेच सांगतं. आपण 'ज्ञानेश्वर म्हणतात' म्हणतो तसंच. साधा भूतकाळ, 'चॅप्टर 3 शोड': वाचक आणि मी ते प्रकरण ओलांडून पुढे आलो आहोत. नव्या प्रकरणाच्या सुरुवातीला हा काळ फार छान बसतो. पूर्ण वर्तमान, 'धिस चॅप्टर हॅज शोन': आत्ताच हातावेगळं केलं आहे, त्यामुळे प्रकरणाच्या शेवटच्या परिच्छेदात आणि 'सो फार'सोबत. 'इन द प्रीव्हियस चॅप्टर आय हॅव आर्ग्यूड' असंही लिहिलेलं दिसतं. ते अशुद्ध आहे असं मी म्हणणार नाही, पण माझ्या हातात आलं तर मी ते 'आय आर्ग्यूड' करतो, कारण मागचं प्रकरण संपलेलं आहे. एक निवडा आणि किमान एका प्रकरणात तरी तोच ठेवा.

चौथा पर्याय मात्र टाळा: 'हॅड डिस्कस्ड'. तो येतो मराठीतून. 'दुसऱ्या प्रकरणात आपण चर्चा केली होती' हे मराठीत किती सहज आहे! त्या 'होती'चं इंग्रजीत 'हॅड' होतं. पण इंग्रजी 'हॅड'ला भूतकाळातली दुसरी एक घटना लागते, जिच्या आधी हे घडलं. नुसतं 'इन चॅप्टर 2 आय हॅड डिस्कस्ड' वाचलं की इंग्रजी वाचक वाट पाहत राहतो, मग काय झालं? मत बदललं का? तुमच्या खर्ड्यात 'हॅड' शोधा. तुम्हाला जितके वाटतात त्यापेक्षा बरेच जास्त निघतील.

एकाच वाक्यात दोन काळ आले तर बिचकू नका. 'चॅप्टर 4 शोज दॅट द फॅमिलीज बॉरोड ट्वाइस इन वन सीझन.' प्रकरण दाखवतं ते वर्तमानात, कुटुंबांनी कर्ज घेतलं ते भूतकाळात. हे बरोबर आहे.

भविष्यकाळाची एक वेगळी तपासणी करा. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा सुरुवातीचा आराखडा, भविष्यकाळात लिहिलेला असतो आणि त्यातले परिच्छेद उचलून पहिल्या प्रकरणात ठेवले जातात. मग बांधून झालेल्या प्रबंधात 'डेटा विल बी कलेक्टेड' तसंच राहतं.

'आय' की 'वी' हेही विचारलं जातं, आणि इथे मराठी भाषकाला खरं तर वरचढ जागा आहे. इंग्रजीत 'वी' एकच आहे, आपल्याकडे 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन आहेत. 'ॲज वी सॉ इन चॅप्टर 3' म्हणजे जसं आपण पाहिलं, वाचक आणि मी. हे एकट्या लेखकालाही चालतं. 'वी इंटरव्ह्यूड सिक्स्टी फॅमिलीज' म्हणजे आम्ही मुलाखती घेतल्या. प्रबंध एकट्याचा असेल तर ते खोटं आहे, तिथे 'आय'च हवा. 'वी' लिहिताना मनात मराठी करून पाहा. 'आपण' आलं तर राहू द्या, 'आम्ही' आलं तर 'आय' करा.

आता जागा दाखवणारे शब्द. 'द लास्ट चॅप्टर' लिहू नका. त्याचा अर्थ मागचं प्रकरणही होतो आणि शेवटचंही होतो. 'द प्रीव्हियस चॅप्टर' म्हणजे फक्त लगेच आधीचं. पाचव्या प्रकरणात बसून दुसऱ्याला 'प्रीव्हियस' म्हणायचं असेल तर 'ॲन अर्लिअर चॅप्टर' म्हणा, आणि त्याहून बरं म्हणजे 'चॅप्टर 2' म्हणा. क्रमांक असला की 'द' नको: 'इन चॅप्टर 2'. 'इन द चॅप्टर 2' ही चूक आपल्याकडे सर्रास होते. 'द फोरगोइंग डिस्कशन' चालतं, जरा जुनं वाटतं इतकंच. 'अफोरसेड', 'हिअरइनअबाव्ह' हे करारनाम्यात राहू द्या. 'सीएफ' म्हणजे 'पाहा' नव्हे, 'ताडून पाहा'. मागच्या प्रकरणात वेगळं किंवा उलट काही दिसलं असेल तिथेच ते वापरा. नुसतं 'पाहा' म्हणायचं असेल तर साधं 'सी' आहेच. 'सुप्रा' (म्हणजे 'वर') कायद्याच्या प्रबंधांसाठी ठीक आहे. कायद्यातले संदर्भ कसे द्यायचे ते सांगणाऱ्या नियमावल्यांपैकी इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या पद्धतीत आणि अमेरिकेच्या ब्लूबुकमध्ये 'सुप्रा नोट' चालतं, ऑक्सफर्डच्या ऑस्कोलात मात्र ते टाळायला सांगितलं आहे. समाजशास्त्रात त्याची गरज नाही.

'ॲज' वापरताना एक बारकी अडचण येते आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. हे वाक्य पाहा: 'द स्कीम डिड नॉट रिड्यूस डेट, ॲज डिस्कस्ड इन चॅप्टर 2.' दुसऱ्या प्रकरणात नक्की काय म्हटलं होतं? कर्ज कमी झालं असं, आणि आता तुम्ही ते खोडत आहात? की कमी झालं नाही असंच? वाक्यातून दोन्ही निघतं. नकारार्थी वाक्य असेल तर 'ॲज' पुढे आणा: 'ॲज चॅप्टर 2 शोड, द स्कीम डिड नॉट रिड्यूस डेट.' आता एकच अर्थ उरला.

कॅपिटलचा प्रश्न सोपा आहे, फक्त तुमच्या विद्यापीठानं कोणती शैली सांगितली आहे ते पाहा. एपीएत (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शैलीत) क्रमांक असलेलं 'चॅप्टर', 'टेबल', 'फिगर' हे कॅपिटलनं सुरू होतं, 'द प्रीव्हियस चॅप्टर' मात्र स्मॉल. शिकागो शैलीत क्रमांक असला तरी 'चॅप्टर' स्मॉलच. समाजशास्त्रात तुमच्याकडे बहुधा एपीए असेल. एपीए आणखी एक सांगतं आणि ते मला मनापासून पटतं: 'द टेबल अबाव्ह', 'द फिगर बिलो' लिहू नका, तक्त्याचा क्रमांक द्या. कारण पान जुळवताना तक्ता वरचा खाली जातो. आपल्याकडे प्रकरणांना रोमन आणि आतल्या भागांना भारतीय-अरबी अंक देण्याची पद्धत आहे, म्हणजे प्रकरण आयव्ही आणि त्यातला भाग 4.2. नियम असेल तर पाळा, नसेल तर सगळीकडे एकच आकडे ठेवा. 'सेक्शन 4.2' म्हटलं की चौथं प्रकरण हे त्यातच आलं, 'चॅप्टर 4, सेक्शन 4.2' असं दोनदा सांगू नका. भागाचा क्रमांक देता येत असेल तर नुसत्या प्रकरणापेक्षा तो नेहमी द्या. साठ पानांचं प्रकरण म्हणजे पत्ता म्हणून नुसतं गाव सांगण्यासारखं आहे.

किती वेळा उल्लेख करायचा? प्रकरणाच्या सुरुवातीला एक परिच्छेद: आतापर्यंत काय हाती लागलं, कोणता प्रश्न उरला, तो इथे कसा घेतला आहे. तो तीन-चार वाक्यांचा असावा. मध्ये जिथे युक्तिवाद मागच्या निष्कर्षावर उभा आहे फक्त तिथे, एका वाक्यात किंवा कंसातल्या क्रमांकानं. त्याच पानावरच्या गोष्टीसाठी काहीच नको, तिथे 'धिस' आणि 'दीज' पुरतात. मागचं आठवून द्यायला तुम्हाला पूर्ण परिच्छेद लागत असेल, तर थांबून विचार करा: हा मजकूर मुळात इथेच हवा होता का? मी पाहिलेल्या कितीतरी प्रबंधांत सैद्धान्तिक चौकटीचा एखादा भाग दुसऱ्या प्रकरणातून उचलून चौथ्यात आणला आणि आठ-दहा 'ॲज डिस्कस्ड' आपोआप गळून पडले.

समारोपात मात्र सगळे चुकतात. 'चॅप्टर 1 इंट्रोड्यूस्ड, चॅप्टर 2 रिव्ह्यूड, चॅप्टर 3 डिस्कस्ड' अशी हजेरी घेतली जाते. रेफरीला ती अनुक्रमणिका पुन्हा नको असते. पहिल्या प्रकरणातला तुमचा संशोधनप्रश्न घ्या आणि उत्तर लिहायला लागा, मग प्रकरणं आपोआप हव्या त्या क्रमानं येतील. उदाहरणार्थ: कुटुंबं दरवर्षी परत का जातात? कारण उचल पुढच्या हंगामात ओढली जाते (चॅप्टर 3), शाळा सुटल्यामुळे पुढच्या पिढीला दुसरा धंदा सापडत नाही (चॅप्टर 5), आणि गावात परतल्यावर मिळणाऱ्या कामातून ती उचल फिटत नाही (चॅप्टर 4). इथे पाचवं चौथ्याच्या आधी आलं, आणि त्यात काही बिघडलं नाही. आता क्रम उत्तराचा आहे.

शेवटी यंत्राचं काम यंत्राला द्या. प्रकरणांचे आणि तक्त्यांचे क्रमांक हातानं टाइप करू नका. माझ्याकडे आलेल्या एका प्रबंधात शेवटच्या महिन्यात दोन प्रकरणांची अदलाबदल झाली होती. शीर्षकं बदलली, आतले शंभरेक उल्लेख तसेच राहिले. ते सगळे हातानं जुळवायला आम्हाला दोन रात्री लागल्या, आणि तरी एक सुटला, तो व्हायवात सापडला. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो, आणि चूक तर पाच सेकंदांत टळण्यासारखी होती.

वर्डमध्ये प्रकरणाच्या शीर्षकाला 'हेडिंग 1' आणि आतल्या भागांना 'हेडिंग 2' लावा, त्यांना मल्टिलेव्हल लिस्टमधून क्रमांक द्या. मग उल्लेखाच्या जागी 'रेफरन्सेस' टॅबमधलं 'क्रॉस-रेफरन्स' उघडून 'हेडिंग नंबर' निवडा. क्रम बदलला की कंट्रोल-ए करून एफ9 दाबा, सगळे आकडे नवे होतात. फक्त तळटिपांमधले होत नाहीत. एखाद्या तळटिपेत कर्सर ठेवून पुन्हा कंट्रोल-ए आणि एफ9 करावं लागतं, आणि हे न कळल्यामुळे तळटिपा जुन्याच राहतात. 'चॅप्टर' आणि आकडा दोन ओळींत तुटू नये म्हणून मध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेस द्या. छापायच्या आधी 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' हे शब्द शोधा. शीर्षक खोडून पुन्हा टाइप केलं असेल तर जुना दुवा तुटतो आणि हे ठळक अक्षरांत पानावर छापलं जातं. लेटेक वापरणाऱ्यांनी 'लेबल' आणि 'रेफ' वापरावं, फाइल दोनदा चालवावी आणि पीडीएफमध्ये दोन प्रश्नचिन्हं शोधावीत.

प्रकरणाचा शोधनिबंध करून नियतकालिकाला पाठवाल तेव्हा 'चॅप्टर', 'थीसिस', 'अर्लिअर' आणि 'अबाव्ह' हे चार शब्द शोधून एकेक उल्लेख सोडवा. निबंधाला मागचं प्रकरण नसतं. जिथे 'चॅप्टर 3 शोड दॅट' आहे तिथे 'दॅट'पुढचा निष्कर्ष आणि त्याचा पुरावा निबंधातच दोन वाक्यांत द्यावा लागेल. तिसरं प्रकरण आधीच छापून आलं असेल तर त्या निबंधाचा रीतसर संदर्भ द्या.

तुम्ही आज फक्त पाचव्या प्रकरणापासून सुरुवात करा. 'अबाव्ह' शोधा, मग 'अर्लिअर', मग 'मेन्शन्ड', मग 'हॅड'. प्रत्येकापाशी थांबून तिसरं किंवा चौथं प्रकरण शेजारच्या खिडकीत उघडा आणि तिथलं मूळ वाक्य वाचा. 'दॅट'पुढे लिहिण्यासारखं काही मिळालं तर वाक्य नव्यानं लिहा, नाही मिळालं तर खोडा. दुरुस्त झालेलं प्रकरण गाइडना देताना त्यांची जुनी प्रतही सोबत ठेवा, म्हणजे प्रत्येक 'कुठे?'समोर आता काय आहे ते त्यांना लगेच पाहता येईल.